न झालेल्या प्रशिक्षणाच्या नोंदीवर सही करू नका

परभणी जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्यात सुपरवायझर असलेल्या वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांच्या कारखान्यात डबल रोलर जिनच्या दोन रांगा आहेत आणि त्या जुन्या पद्धतीने एकाच लाईन शाफ्टवरून, म्हणजे रांगेभर जाणाऱ्या फिरत्या लांब आसावरून, पट्ट्यांनी फिरतात. कापसात ओल किंवा कवडी (खराब, नीट न उमललेला कापूस) आली की रोलर अडतो, आणि तो मोकळा करण्यासाठी बाया चालू जिनमध्ये हात घालतात, कारण एक जिन थांबवायचा तर पूर्ण रांग बंद करावी लागते आणि मजुरी क्विंटलवर आहे. पट्ट्यांवरच्या संरक्षक जाळ्या काढून भिंतीला लावून ठेवलेल्या आहेत. गेल्या महिन्यात एका बाईचा पदर शाफ्टमध्ये ओढला गेला आणि साडी फाटली म्हणूनच ती वाचली. ‘कुणाला काही झालं नाही, मग लिहायचं काय?’ असे म्हणून मालकांनी त्या घटनेची नोंद होऊ दिली नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी, सर्व कामगारांना सुरक्षेचे प्रशिक्षण दिले असून सर्व जाळ्या जागेवर आहेत, असा मजकूर लिहिलेले रजिस्टर त्यांनी सुपरवायझरपुढे सहीसाठी ठेवले. माणसे मुकादमाची आहेत, त्यामुळे कारखान्याचा संबंध नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे. वाचक विचारतात: ‘जबाबदारी नेमकी कोणाची, माझी किती, आणि सही केली नाही तर नोकरी जाईल त्याचे काय?’

आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट ती सही आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ती सही आपण करू नये. खोटे लिहू नये हे कारण आहेच. परंतु या विशिष्ट सहीचे दोन परिणाम असे आहेत की ते आपल्याला कोणी सांगितलेले नसावेत.

पहिला परिणाम त्या बायांवर होतो. कामगार राज्य विमा योजनेचा लाभ आपल्या कारखान्यातील बायांना मिळेल असे आपण कदाचित गृहीत धरले असेल. प्रत्यक्षात केवळ कापूस जिनिंग किंवा प्रेसिंग करणारे कारखाने कायद्याच्या दृष्टीने हंगामी कारखाने आहेत आणि हंगामी कारखाने या योजनेतून वगळलेले आहेत. म्हणजे उद्या कोणाचा हात गेला, तर विमा रुग्णालयही नाही आणि विम्याचे निवृत्तिवेतनही नाही. तिच्या हाती उरतो तो फक्त मालकाकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क, जो 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाने दिला आणि आता सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आलेला आहे. या हक्काला एक अपवाद आहे. सुरक्षेसाठी बसवलेले साधन आहे हे माहीत असूनही कामगाराने ते मुद्दाम काढले किंवा त्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केले, आणि इजा त्यामुळे झाली, तर भरपाई देण्याचे दायित्व मालकावर राहत नाही. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव चालत नाही. परंतु एक हात किंवा चार बोटे जाणे हे कायद्याच्या भाषेत अंशतः अपंगत्व आहे आणि तिथे तो चालतो. आता विचार करा: ‘जाळ्या जागेवर आहेत, प्रशिक्षण दिले आहे’ या मजकुराखाली आपली सही असेल, तर जाळी त्या बाईनेच काढली असे म्हणायला मालकाच्या वकिलाला आणखी कोणता पुरावा लागेल?

दुसरा परिणाम आपल्यावर होतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 101 व्या कलमात अशी तरतूद होती की, आपण सर्व काळजी घेतली होती आणि गुन्हा आपल्या नकळत, आपल्या संमतीशिवाय दुसऱ्याच व्यक्तीकडून घडला, हे मालकाने किंवा व्यवस्थापकाने सिद्ध केले, तर तो स्वतः सुटतो आणि शिक्षा त्या दुसऱ्या व्यक्तीला होते. मालकाने काळजी घेतल्याचा लेखी पुरावा म्हणजे असेच रजिस्टर, आणि ती ‘दुसरी व्यक्ती’ बहुतेक वेळा पाळीवर हजर असलेला सुपरवायझर. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली दाखल होतो, त्याला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि कारखान्यातील अपघातानंतर पोलिसांच्या कागदात ठेकेदार व सुपरवायझर यांची नावे लवकर येतात, हे आपण जाणताच.

यावरून मालकाची जबाबदारी कमी होते असे मात्र समजू नका. भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि कामगारांच्या सुरक्षेची, आरोग्याची सर्वसाधारण जबाबदारी स्पष्ट शब्दांत कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे ज्याच्या हाती अंतिम नियंत्रण आहे त्याच्यावर, टाकण्यात आली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 ने घेतली आहे. तिच्यातही नियोक्त्याचे हे कर्तव्य कायम आहे. जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तिथवर या संक्रमणकाळात लागू राहतात. मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली, तर एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन ते चार लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, असे संहिता सांगते, आणि त्या दंडातील निम्मी किंवा अधिक रक्कम पीडित व्यक्तीला वा तिच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही साधनाचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. ‘माणसे मुकादमाची आहेत’ हे उत्तर तर जुन्या कायद्यातही चालत नव्हते, कारण ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस धरलेला आहे.

कामगारांवरही कर्तव्ये आहेत आणि ती बायांना सांगितली पाहिजेत. स्वतःच्या व शेजारच्या माणसाच्या जिवाची वाजवी काळजी घेणे, सुरक्षेचे साधन न काढणे, त्यात ढवळाढवळ न करणे, आणि धोका दिसला की तो वरच्या माणसाला कळवणे, ही ती कर्तव्ये होत. परंतु जाळी लावायला साधने नाहीत, जिन थांबवायची सोय नाही आणि थांबवला तर मजुरी कापली जाते, अशा स्थितीत ‘तुम्ही काळजी घ्या’ असे सांगणे म्हणजे मालकाचे ओझे बाईच्या डोक्यावर ठेवणे आहे, आणि आपण दोघांच्या मध्ये उभे असल्याने हे ओझे खाली सरकू न देणे हेच आपले मुख्य काम आहे, असे मी मानतो.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे येतो, कारण माझ्या मते आपल्या कारखान्यातील सगळ्या धोक्याचे मूळ एकाच गोष्टीत आहे: एकटा जिन थांबवता येत नाही. एक रोलर अडला म्हणून पूर्ण रांग बंद करायला कोणीही तयार होणार नाही, आणि त्यासाठी बायांना दोष देता येणार नाही. पण लाईन शाफ्टवर चालणाऱ्या यंत्रांसाठी याचे उत्तर फार जुने आहे. प्रत्येक जिनला एक पक्की पुली (जिनला फिरवणारी) आणि तिच्या शेजारी एक सैल पुली (नुसतीच फिरणारी) असते, आणि दांडीने पट्टा सैल पुलीवर सरकवला की शाफ्ट फिरत राहतो, तो जिन मात्र थांबतो. कारखाने अधिनियमाच्या 24 व्या कलमाने अशी दांडी बसवणे, ती चांगल्या स्थितीत ठेवणे, आणि पट्टा आपोआप पुन्हा पक्क्या पुलीवर सरकणार नाही अशी तिची रचना करणे बंधनकारक केले होते. हे शेवटचे वाक्य मिस्त्रीला दोनदा वाचून दाखवा, कारण थांबलेला जिन हात आत असताना अचानक फिरू लागणे हे न थांबवलेल्या जिनपेक्षाही घातक असते. चालू यंत्रापाशी माणूस निदान सावध असतो. आपल्या जिनना सैल पुल्या आहेत का, दांड्या काढून टाकल्या आहेत की नुसत्या गंजल्या आहेत, हे आजच पाहा. दांडीला ‘बंद’ स्थितीत अडकवणारी खीळ आणि तिला लावायचे लहान कुलूप ही स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात होणारी कामे आहेत. कुलपाची चावी ज्या व्यक्तीचा हात आत जाणार आहे तिच्याकडेच असावी, आपल्याकडेही नसावी. पट्टा सरकवल्यानंतर रोलर काही क्षण फिरतच राहतो. तो पूर्ण थांबलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि अडकलेला कापूस शक्यतो लाकडी आकड्याने काढायचा. संपूर्ण लाईन सुरू करण्यापूर्वी घंटा वाजवून, दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या माणसांनी हात वर करून खूण दिल्यावरच मोटार चालू करावी.

जाळ्यांविषयी बोलायचे तर, त्या भिंतीला का टेकल्या हे आधी समजून घ्या. बहुधा त्या सहा-आठ बोल्टने कसलेल्या असतील आणि दर वेळी पाना घेऊन बसणे कोणालाच परवडत नसेल. मग त्याच जाळ्यांना बिजागऱ्या लावा आणि जिथे स्वतंत्र मोटार आहे तिथे जाळी उघडताच मोटार बंद होईल असा स्विच जोडून घ्या. सोयीची जाळी जागेवर राहते. कारखाने अधिनियमाचे 21 वे कलम सांगत होते की यंत्राचे भाग फिरत असताना त्यांवरचे कुंपण जागेवरच असले पाहिजे, आणि 22 वे कलम तर आपल्या प्रसंगासाठीच लिहिल्यासारखे होते: फिरत्या शाफ्टजवळ तपासणी किंवा वंगण देणे अपरिहार्य असेल, तर ते काम फक्त खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने, मालकाने पुरवलेले घट्ट बसणारे कपडे घालून करायचे, त्याचे नाव रजिस्टरमध्ये नोंदवलेले असायला हवे, आणि स्त्रियांना किंवा अल्पवयीनांना फिरत्या यंत्राची सफाई वा जुळवाजुळव करू द्यायची नाही. प्रेसिंग विभागात कापूस ओपनर (दाबलेला कापूस मोकळा करणारे यंत्र) चालतो त्या भागात स्त्रिया आणि बालकांना कामावर ठेवण्यास 27 व्या कलमाने मनाई केली होती, अपवाद फक्त ओपनरची भरण्याची बाजू छतापर्यंतच्या किंवा कारखाना निरीक्षकाने ठरवून दिलेल्या उंचीच्या भिंतीने वेगळी केलेली असेल तेव्हाचा. आपल्याकडे ओपनर असेल तर हेही तपासा.

पदराचा विषय मी मुद्दाम नंतर घेत आहे. अपघातानंतर सगळे प्रथम बाईच्या कपड्यांकडे पाहतात, आणि ते अन्यायाचे आहे. शाफ्ट झाकलेला असता तर पदर तिथे पोहोचलाच नसता. तरीही कपड्यांची काळजी घ्यावीच, आणि त्यासाठी नवीन काही शोधायची गरज नाही. वेचणीला जाताना आपल्याकडच्या बाया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, पदर खोचतात आणि डोक्याला रुमाल बांधतात. तोच पोशाख जिनवर चालेल, फक्त शर्टची बटणे लावलेली, बाह्या मनगटाशी घट्ट आणि रुमालाची टोके आत खोचलेली हवीत. हे शर्ट कारखान्याने द्यायचे आहेत.

क्विंटलच्या मजुरीचा प्रश्न सोडवल्याशिवाय वरचे काहीही टिकणार नाही. मालकांशी बोलताना माणुसकीचा मुद्दा जरूर मांडा, पण सोबत घड्याळही घेऊन जा. एका पाळीत किती वेळा रोलर अडतो आणि पट्टा सरकवून, कापूस काढून, पुन्हा चालू करायला किती मिनिटे लागतात, हे चार-पाच दिवस लिहून काढा आणि तेवढ्या वेळेची मजुरी रोजाच्या दराने धरावी असे सुचवा. दुसऱ्या बाजूला हा हिशेब ठेवा: चाळीस वर्षांच्या, महिना 10,000 रुपये मिळवणाऱ्या बाईचा एक हात मनगटाशी गेला, तर नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे तिची कमावण्याची क्षमता 60 टक्के घटली असे धरतात. वेतनाचे 60 टक्के, म्हणजे 6,000 रुपये, गुणिले त्या वयाचा गुणक 184.17, आणि त्याचे 60 टक्के, म्हणजे 6,63,012 रुपये. विमा योजना नसल्याने ही रक्कम मालकांना स्वतः भरावी लागेल. ती महिन्याभरात दिली नाही तर 1923 च्या अधिनियमात 12 टक्के व्याजाची आणि योग्य कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंडाचीही तरतूद होती. एवढ्या पैशांत किती बिजागऱ्या, किती दांड्या आणि किती मिनिटांची मजुरी येते, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल.

प्रशिक्षण खरे झाले तर त्याच्या नोंदीवर आपण आनंदाने सही करा. त्यासाठी सभागृह लागत नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे, थांबलेल्या जिनपाशी उभे राहून, प्रत्येक बाईने स्वतःच्या हाताने पट्टा सरकवावा, खीळ घालावी, मुख्य खटका बंद करून पाहावा. ज्यांनी तो खटका कधी दाबलाच नाही त्या घाईच्या क्षणी तो दाबणार नाहीत. तांड्यावरच्या बायांना गोरबोलीत सांगणारी कोणी असावी, बाहेरून आलेल्यांना हिंदीत सांगावे. नोंदीत तारीख, काय दाखवले, कोणाकोणाला दाखवले हे लिहावे आणि अंगठे त्याच वेळी घ्यावेत, महिनाअखेरीस एकदम नव्हे.

धूळ, आवाज आणि आग यांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी थोडक्यात सांगतो. वर्षानुवर्षे कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा छातीचा आजार होऊ शकतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची जुनी ओळख आहे, आणि अशी तक्रार करणाऱ्या बाईला ‘सर्दी झाली असेल’ म्हणून परत पाठवू नका. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानांसाठी प्लग हवेत. कापसासोबत आलेला खडा किंवा खिळा पात्यात घासला की ठिणगी पडते आणि ती गाठीच्या पोटात तासन् तास धुमसू शकते. म्हणून बिडी फाटकाबाहेर, आणि पाण्याची बादली व वाळू रांगेच्या दोन्ही टोकांना हवी. कापसाच्या ढिगावर लहान मुले झोपवली जात असतील तर त्यांना मात्र आजच बाहेर काढा. पन्नासहून अधिक कामगार असतील तर पाळणाघर देणे मालकावर बंधनकारक आहे. तेवढे नसले तरी एक खोली आणि एक वयस्क बाई एवढी सोय होऊ शकते.

आता सहीऐवजी काय करायचे ते सांगतो. व्यवस्थापकांच्या नावे तारीख घालून पत्र द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर मोबाइलवर पाठवा आणि तो संदेश पुसू नका. मजकूर एवढाच पुरेसा आहे: ‘अमुक तारखेला अमुक वाजता जिन क्रमांक अमुकजवळ उघड्या शाफ्टमध्ये एका महिला कामगाराचा पदर ओढला गेला. इजा झाली नाही. पट्ट्यांवरील जाळ्या काढलेल्या आहेत आणि एकटा जिन थांबवण्याची दांडी चालू नाही. या दोन्ही दुरुस्त्या होईपर्यंत अडकलेला कापूस चालू यंत्रातून काढू नये अशी सूचना मी माझ्या पाळीला देत आहे. कृपया दुरुस्ती कधी होईल ते कळवावे.’ कोणावर आरोप करू नका, विशेषणे वापरू नका. रजिस्टरवर सहीचा आग्रह झालाच, तर ‘प्रशिक्षण अद्याप झालेले नाही, अमुक तारखेला घेत आहे’ असे स्वतःच्या अक्षरात लिहून त्याखाली सही करा.

ज्या इजेमुळे कामगाराला 48 तास किंवा अधिक काळ काम करता येत नाही, तिची सूचना निरीक्षकांना देणे कायद्याने आवश्यक आहे. पदराच्या घटनेत तसे घडलेले नसल्याने ती सूचना द्यायची राहिली असे म्हणता येणार नाही. पण कारखान्यात अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची साधी वही ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्या बाईची मात्र एकदा विचारपूस करा. पदर ओढला गेला तेव्हा मानेला किंवा खांद्याला हिसका बसला असेल तर डॉक्टरांना दाखवून त्याचा कागद तिच्याकडे ठेवा, आणि काही दिवस तिला जिनपासून दूर, सरकीकडे किंवा वजनकाट्याकडे काम द्या.

नोकरीची भीती खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. कापूस आहे तोवर काम आहे, पुढच्या हंगामाची हमी नाही, हे परभणीपासून सेलू-मानवतपर्यंत प्रत्येक जिनिंगमध्ये काम करणारा माणूस जाणतो. म्हणून मालकांना आधी दुरुस्तीची संधी द्या, त्यांच्याशी हिशेबाच्या भाषेत बोला. मात्र गंभीर इजेचा धोका समोर उभा आहे असे वाटत असेल, तर तो मालकाला कळवतानाच निरीक्षकांनाही कळवण्याचा हक्क व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने कर्मचाऱ्यांना दिलेला आहे, आणि धोका नाही असे मालकाला वाटले तरी ते प्रकरण निरीक्षकांकडे निर्णयासाठी पाठवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. त्याचे कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवावे अशी तरतूद 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात घातली होती. तरीही लहान कारखान्यात नाव ओळखू येण्याची शक्यता असते. म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा दोन-तीन बाया, मिस्त्री आणि आपण मिळून अर्ज करावा, आणि पोच मिळालेल्या पत्राची प्रत त्याला जोडावी. व्यवस्थापकांना पत्र दिल्यापासून आठवडाभरात दांड्या व जाळ्यांचे काम सुरू झाले नाही, तर त्यापुढे थांबू नका.